तिसरं वासरू

१

वासरू रस्त्यावर पडलं होतं आणि त्याच्या अंगावरून गाडी गेली होती. एवढं कुणालाही दिसत होतं. वर्ना पेट्रोविचनं मला फोन केला तो मात्र लांडगा म्हणून.

"नॉर्मा, लवकर निघ," ती म्हणाली. "आणि तुझा तो सुरा आण. गाडीबिडी सगळं नाटक आहे."

मी नॉर्मा स्कार. गेली एकतीस वर्षं मी पॉपलर फोर्कच्या खोऱ्यात मेलेली जनावरं सोलते आहे. कुणाचं वासरू किंवा मेंढी मेली आणि लांडग्याचा नाहीतर अस्वलाचा संशय आला की वन्यजीव खातं मला पाठवतं. मी कातडं सोलून आत काय झालंय ते बघते आणि कागदावर एक शब्द लिहिते. माझ्या या कामामुळे लोक मला जेवायला बोलावतात खरे, पण शेजारच्या खुर्चीवर बसताना जरा विचार करतात.

त्या दिवशी त्या एका शब्दावर सहा जीव टांगलेले होते. आमच्याकडे नियम असा, की एका हंगामात लांडग्यांनी तिसरं जनावर मारल्याचं ठरलं आणि त्या जनावराच्या मालकानं सही करून मागणी केली, की अख्खी टोळी संपवायची. हेलिकॉप्टर येतं आणि अर्ध्या दिवसात काम उरकतं. मे महिन्यात वर्नाची दोन वासरं गेली, दोन्ही कागदांवर मीच 'लांडगा' असं लिहिलं होतं. आता हे तिसरं. टोळीत गळ्यात रेडिओचा पट्टा असलेली एक मादी, तिचा नर आणि या वसंतात झालेली चार पिल्लं होती.

त्यात भर म्हणजे त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सभा होती. लांडग्याच्या शिकारीचा हंगाम वाढवावा की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला राजधानीहून एक साहेब येणार होते. सभेचा अध्यक्ष आर्लो हॉगन. रस्त्यात पडलेलं वासरूही आर्लोचंच.

मी गुडघे टेकून कामाला लागले. वासरू उशिरा झालेलं, जेमतेम तीन आठवड्यांचं. बरगड्या मोडल्या होत्या, कंबर मोडली होती, पण मोडलेल्या हाडांभोवती रक्ताचा टिपूस नव्हता. जिवंत अंगाला मार बसला की कातड्याखाली रक्त साकळतं. मेलेल्याचं साकळत नाही. मग मी मागच्या मांडीवरचं कातडं उलटलं. तिथं मात्र काळंनिळं रक्त थिजलेलं होतं आणि त्यात सुळ्यांची भोकं, एकमेकांपासून चांगली तीन बोटं लांब.

म्हणजे आधी लांडगा आणि मग गाडी. मेलेलं वासरू इथं आणून कुणीतरी त्याच्यावरून गाडी फिरवली होती.

"काय म्हणत होते मी?" वर्ना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्या डेल्फीनचं काम हे. लांडग्यांची मावशीच ती. तिसरं मोजलं जाऊ नये म्हणून गाडीखाली घातलं कार्टीनं."

तेवढ्यात आर्लोची पिकअप येऊन थांबली. नऊ वाजले असतील. तो लंगडत उतरला, वासराकडे बघितलं न बघितलंसं केलं आणि हॅट डोळ्यांवर ओढून मला म्हणाला, "गाडीखाली आलंय. गाडी लिही आणि मोकळी हो."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. दोन वर्षं हा माणूस खोऱ्यातल्या प्रत्येक सभेत लांडग्यांच्या नावानं शंख करत आला होता. लांडग्यानं मारलेलं स्वतःचं वासरू समोर पडलेलं असताना तो 'गाडी लिही' म्हणत होता.

२

आर्लोनं स्वयंपाकघरात मला कॉफी दिली. त्याची बायको रूथ जाऊन सहा वर्षं झाली, तरी कप अजून तिनं लावलेल्या जागीच असतात. मी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे मला या घरात कधीच कळलेलं नाही.

"वरच्या कुरणात, गायींकडे, शेवटचा कधी गेला होतास?" मी विचारलं.

"रविवारी. गुडघा बघतेस ना? उजवा वाकतच नाही. आज सकाळभर घरीच होतो."

"मग वासरू खाली रस्त्यावर कसं आलं?"

"तारेखालून निसटलं असेल. वासरंच ती."

"आणि गाय? ती नाही आली मागं?"

तो कॉफी ढवळत बसला. तो साखर घालत नाही, कधीच घालत नव्हता.

"नॉर्मा, तुला नसत्या ठिकाणी सुरा खुपसायची सवय लागलीय," तो शेवटी म्हणाला.

दारामागच्या खुंटीवर जोएलचा कोट लटकत होता. जोएल हा त्याचा एकुलता एक मुलगा. तो लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्यांत गेला, त्यांच्या गळ्यात पट्टे घालायला लागला आणि त्यापायी बाप-लेक दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. तीन हिवाळ्यांपूर्वी लांडग्यांच्या पाहणीचं विमान डोंगरात पडलं, त्यात जोएल गेला. खोऱ्यातल्या प्रत्येकानं आर्लोच्या दारी जेवणाचा कॅसरोल नेऊन ठेवला आणि प्रत्येकाच्या मनात एकच होतं, की लांडग्यांनी याचा पोरगाही खाल्ला.

कोटाच्या खांद्यांवर धूळ साचली होती. त्याच्याखाली चामड्याची एक चौकोनी पेटी टांगलेली होती. तिच्यावर धुळीचा कण नव्हता. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली, पण ती कशासाठी हे कळायला मला दुपार झाली.

३

वरच्या कुरणाचं फाटक रस्त्याला लागतं तिथं, विलोच्या झाडांपलीकडे, लेलँड राहतो. सिअ‍ॅटलहून आलेला निवृत्त दंतवैद्य. फाटकावर 'लांडगे आमचे शेजारी' अशी पाटी. वर्ना म्हणते, आयुष्यभर दात उपटून झाले, आता दातवाल्यांची सेवा चालली आहे.

"माझ्याकडे सगळे संशयानं बघतायत," लेलँड म्हणाला. "पण मी वासराला हात कसा लावणार? मला रक्त चालत नाही."

"दंतवैद्य ना तुम्ही?"

"म्हणूनच निवृत्त झालो."

मग त्यानं मला कामाची गोष्ट सांगितली. पहाटे पाचला तो कॉफी करत होता. कुरणाकडून एक गाडी आली आणि फाटकाशी थांबली. साखळी वाजली. गाडी फाटकाबाहेर आली, पुन्हा थांबली आणि साखळी पुन्हा वाजली. मग रस्त्यावर गाडी मागं-पुढं झाली, काहीतरी धपकन वाजलं आणि गाडी निघून गेली. विलोमुळे दिसलं काहीच नाही.

"एक कळत नाही," लेलँड म्हणाला. "असलं काम करणारा माणूस घाईत असणार. तो फाटक लावायला कशाला उतरेल?"

मला हसू आवरेना. आमच्या खोऱ्यात माणूस बायकोला सोडून पळाला तरी फाटक लावून पळेल. गुरांच्या घरात जन्मलेल्याच्या हाताला ते सांगावं लागत नाही, हात आपले आपण साखळी अडकवतात. मागच्या पानगळीत या लेलँडनंच फाटक उघडं टाकलं होतं आणि आर्लोच्या अकरा कालवडी त्याच्या गुलाबांवर चरल्या होत्या. तेव्हा लेलँड यातून सुटला.

उरली डेल्फीन ला-प्लांट. पंचविशीची मुलगी, उन्हाळाभर घोड्यावरून गुरांमागे फिरते आणि लांडग्यांना लांब ठेवते. तिचे आजोबा-पणजोबा गुरांतलेच. फाटक तिनंही लावलं असतं.

ती मला झऱ्याकाठी घोड्याला पाणी पाजताना सापडली. माझी गाडी बघून तिनं मान खाली घातली.

"मला ठाऊक होतं तुम्ही येणार," ती म्हणाली. "वर्नानं मला फोनवर काय काय म्हटलं, ते तुम्हाला सांगत नाही."

"रात्री कुठं होतीस?"

"वर्नाच्याच गायींपाशी. त्याबद्दल आभार नाहीत, शिव्या तेवढ्या मिळाल्या. पहाटे साडेचारला मी यंत्र लावलं. मादीच्या पट्ट्याची टिकटिक आर्लोच्या वरच्या कुरणातून येत होती. मी घोडा फेकला, पण सहा वाजले पोचायला. गवतावर रक्त होतं. वासरू नव्हतं. गाय तिथंच उभी राहून हंबरत होती."

"आणि हे तू कुणालाही सांगितलं नाहीस."

तिचे डोळे भरून आले. "वासरूच नाही तर तिसरंही नाही, असं वाटलं मला. चार पिल्लं आहेत, नॉर्मा. पण मी वासराला हात लावलेला नाही. आईशप्पथ."

"तू असतीस तर काय केलं असतंस?"

"कदाचित हेच," ती म्हणाली. खोटं बोलणारा माणूस असं म्हणत नाही. पण कागदावर हा पुरावा चालत नाही आणि संध्याकाळच्या सभेत तर मुळीच चालला नसता. वर्ना तिला सगळ्यांसमोर उभी सोलणार होती.

"गाय कशी होती?" मी सहज विचारलं.

डेल्फीननं पँटचा पाय वर केला. नडगीवर जांभळा डाग होता. "मी तिला चुचकारायला गेले तर ही लाथ. कास दगडासारखी झाली होती बिचारीची. मी सातला निघाले तेव्हाही ती तिथंच होती."

४

मी बारा वाजता वरच्या कुरणात पोचले. रॉकीजच्या शिखरांवर अजून बर्फ होतं आणि खाली गवत गुडघाभर वाढलेलं. गायींचा कळप लांब चरत होता. एकच गाय एकटी उभी होती, लाल, कपाळावर पांढरा ठिपका. कानातल्या बिल्ल्यावर एकेचाळीस आकडा. तिच्यासमोर काहीही नव्हतं. रक्तानं काळं पडलेलं हातभर गवत तेवढं होतं आणि ती त्याला हाका मारत होती.

वासरू मेलं की गाय शेवटचं जिथं पाजलं तिथं परत येते. दोन दिवस, तीन दिवस. तिला माणसं सांगतात तारेखालून निसटलं, रस्त्यावर गेलं. तिला ठाऊक असतं की इथंच होतं. मी हा आवाज एकतीस वर्षं ऐकते आहे, पण अजून तो ऐकताना मी गाडीचा रेडिओ मोठा करते. त्या दिवशी मी गाडीतून उतरले होते, त्यामुळे ऐकावंच लागलं.

ऐकता ऐकता माझं लक्ष तिच्या कासेकडे गेलं.

कास सैल होती. सातला दगडासारखी असलेली कास बाराला फुटायला यायला हवी होती. सडांतून दूध ठिबकायला हवं होतं. इथं सडांच्या टोकांना दूध वाळलेलं होतं आणि मागच्या पायांशी गवत पांढरं होऊन त्यावर माश्या बसल्या होत्या. दूध प्यायला कुणी काढलं नव्हतं. ठणका थांबावा म्हणून कुणीतरी तिला पिळून मोकळं केलं होतं.

मी एक पाऊल पुढं टाकलं तर तिनं शिंगं नसलेलं डोकं असं खाली घातलं, की मी दोन पावलं मागं आले. ही कुरणातली गाय, गोठ्यातली नाही. असल्या गायीला पिळायचं म्हणजे आधी दोरानं पाडावं लागतं. पण दोराची खूण कुठंच नव्हती. ती आपण होऊन उभी राहिली होती, आपण होऊन तिनं पान्हा सोडला होता.

मी लांबूनच वाकून बघितलं. ओल्या गवतात एका गुडघ्याचा खळगा होता. एकाच. त्याच्या शेजारी बुटाच्या टाचेची लांब ओढ होती. दुसरा पाय वाकत नसल्यासारखा सरळ पसरलेला.

मी गाडीत येऊन बसले आणि फोन काढला.

५

खात्री करायची म्हणून मी वर्नाला फोन लावला. "आर्लोची एकेचाळीस नंबरची गाय. एवढी मारकी का गं?"

"मारकी कुठली? लाडावलेली आहे! पोझी ती," वर्ना म्हणाली. "बर्फाच्या वादळात हिची आई मेली, तेव्हा जोएलनं तिला चुलीपाशी ठेवून बाटलीनं वाढवली. बाप-लेकाचं बोलणं तुटायच्या आदल्या वर्षी. आता ती एकट्या आर्लोला जवळ येऊ देते. का?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे काहीतरी असतं. संध्याकाळी त्या पोरीचं नाव घेणार आहेस ना?"

मी फोन ठेवून दिला.

आर्लो ओसरीवर बसला होता. माझी गाडी वरच्या रस्त्यानं येताना त्यानं बघितली असणार, कारण दोन कप बाहेर मांडलेले होते.

"पोझीला तू पिळलंस," मी म्हटलं. "सात ते नऊच्या मध्ये. डाव्या गुडघ्यावर बसून. आणि पहाटे वासरू रस्त्यावर तूच नेलंस. एवढं सगळं केलंस, पण फाटक लावायचं काही चुकवलं नाहीस."

तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. "मी परत जाणारच नव्हतो," तो म्हणाला. "घरी आलो, हात धुतले. वाऱ्यावर तिचा आवाज येत होता. दोन मैलांवरून यायचा नाही म्हणतेस? येत होता. मग काय करू?"

"आणि पहाटे वर जायचं हे तुला कळलं कसं? दारामागची ती चामड्याची पेटी आण."

त्यानं ती आणली. आत जोएलचं यंत्र होतं, पट्ट्याची टिकटिक पकडणारं, आणि त्रिशूळासारखी एक अँटेना. झाकणाच्या आतल्या बाजूला जोएलच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: मादी, वय दीड वर्ष, डाव्या कानाला खाच. खाली तारीख. विमान पडलं त्याच्या अकरा दिवस आधीची.

"त्या पट्ट्याचे नट त्यानं स्वतःच्या हातानं आवळलेत," आर्लो म्हणाला. "त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना मी विचारून घेतलं. त्यानं घातलेला शेवटचा पट्टा. ही पेटी त्यांनी सामानाबरोबर आणून दिली, तेव्हा मी जाळणार होतो. मग एकदा सुरू केली. रोज सकाळी ऐकतो, नॉर्मा. कॉफी ठेवायच्या आधी. टिकटिक आली की कळतं, ती आहे. त्याच्या हातचं एक काम अजून चालू आहे."

मी झाकणावरची तारीख पुन्हा वाचली.

"आज आवाज फार जवळून आला. गेलो तर तिनं नुकतंच पाडलं होतं. मला बघून बाजूला झाली. लांब नाही गेली, त्या ओढ्याइतकी. माझ्याकडे बंदूक होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मला तिच्या गळ्यात तेवढं ते दिसत होतं." त्यानं कप बाजूला सारला. "दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. तो फोन करायचा. रूथचा वाढदिवस असला की करायचा. मी उचलायचो नाही."

मला त्याची कीव आली, आणि संतापही आला. मला दोन्ही एकदम येतात, हा माझा जुना दोष आहे.

"आणि डेल्फीन?" मी म्हटलं. "सकाळपासून ती पोर शिव्या खातेय. तिचं काम जाईल. तू गप्प बसलास."

त्यानं मान खाली घातली. "ती माझी चूक."

"मी कागदावर 'लांडगा' लिहिणार आहे, आर्लो. तुझ्यासाठीसुद्धा दुसरं काही लिहिणार नाही."

"लिही. तू खोटं लिहिलं असतंस तर मला आवडलंही नसतं."

"मग मागणीवर तुझी सही विचारतील. आज संध्याकाळी, सगळ्यांसमोर."

त्यानं पेटी बंद केली, पण कडी लावली नाही.

६

हॉलमध्ये खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल मांडले होते आणि कुणी खात नव्हतं. राजधानीहून आलेले साहेब टायशी चाळा करत बसले होते. याच हॉलमध्ये अडतीस वर्षांपूर्वी आर्लोनं मला नाचायला विचारलं होतं. मी म्हटलं, कॉलेजहून परत आले की नाचू. परत आले तेव्हा तो रूथबरोबर नाचत होता.

मी उभी राहून वाचलं. हॉगनचं वासरू, वय तीन आठवडे. मृत्यूचं कारण लांडगा. नंतर हलवलं गेलं.

"कुणी हलवलं तेही वाच!" वर्ना ओरडली. सगळ्या माना डेल्फीनकडे वळल्या. ती दाराशी उभी होती, हॅट हातात घेऊन.

"मी," आर्लो म्हणाला.

माना परत वळल्या. अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठायला त्याला गुडघ्यामुळे वेळ लागला.

"मीच नेलं, मीच गाडी घातली. या मुलीचा काही संबंध नाही. डेल्फीन, मी तुझी माफी मागतो, सगळ्यांसमोर." तो लोकांकडे वळला. "त्या मादीला जोएलनं पट्टा घातलाय. मी मागणीवर सही करणार नाही. दोन वर्षं तुमच्यापुढे मी जे बोललो त्यातलं सगळं खोटं नव्हतं. वासरं मरतात, आपलं पोट त्यावर आहे. पण एवढी एक सही माझ्याच्यानं होणार नाही. दुसरा अध्यक्ष बघा."

वर्ना उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "माझी दोन गेली, आर्लो. मी एकटी बाई हे सगळं ओढतेय. माझ्या वासरांच्या वेळी तू म्हणालास, दया दाखवू नका. आणि आता?"

"आता माझी वेळ आली," तो म्हणाला. "तुझं बरोबर आहे, वर्ना."

"पुढचं माझं गेलं तर मी सही करीन. आत्ताच सांगून ठेवते."

"कर. मी तुला अडवणार नाही."

ती पर्स उचलून निघून गेली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, मग ते खोडलं. हंगाम वाढवायचा की नाही हे त्या दिवशी ठरलं नाही. पण त्या टोळीवर हेलिकॉप्टर आलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोझीच्या वासराचं कातडं घेऊन वर गेले. सोलल्यावर मी ते मीठ लावून गुंडाळून ठेवलं होतं. टाकून द्यायचा धीर झाला नव्हता, आणि एखादं परकं वासरू मिळालं तर उपयोगी पडेल असंही वाटलं. आर्लो कुरणात होता, पेटी गळ्यात अडकवून. पोझी कालच्याच जागी होती. तिचा आवाज आता बसला होता.

मागून इंजिनचा आवाज आला. वर्नाची पिकअप. ती उतरली, मागचं फळकूट पाडलं आणि एक किडमिडीत काळं वासरू दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं.

"जुळ्यातलं आहे, आईनं टाकलंय," ती म्हणाली. "तुझ्यासाठी आणलेलं नाही हं. गायीसाठी आणलंय. तिनं कुणाचं काय बिघडवलंय?"

"वर्ना," आर्लो म्हणाला.

"बोलू नकोस माझ्याशी. एवढ्यात तरी नाही." ती गाडीत बसून गेली. खाली जाऊन तिनं फाटक लावलं, साखळी वाजलेली आम्हाला ऐकू आली.

पोझीला आपल्याच वासराचा वास यावा म्हणून आम्ही दोघांनी मिळून ते कातडं काळ्या वासराच्या पाठीवर घातलं आणि पोटाखालून सुतळीनं बांधलं. मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखं ते दिसत होतं. आर्लोनं त्याला पोझीच्या पुढ्यात ढकललं. तिनं डोकं खाली घातलं, मला वाटलं आता उडवते. तिनं पाठीवरचा वास घेतला. मग शेपटीपाशी. मग परत पाठीवर, बराच वेळ. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज बदलला, घशातल्या घशात, हलका. वासरानं कास शोधली आणि तिनं शोधू दिली.

"किती दिवस ठेवशील कातडं?" मी विचारलं.

"चार-पाच. मग त्याचा वास मारतो. तोवर तिला सवय होते, मग काढलं तरी चालतं." त्यानं पेटीवरून हात फिरवला. "डेल्फीन म्हणाली, पट्ट्याची बॅटरी ऑक्टोबरात संपेल."

त्यानं यंत्र सुरू करून हेडफोनची एक बाजू माझ्या कानाशी धरली. खरखर, आणि त्यात लांबून, अगदी बारीक टिकटिक. तो इतका जवळ उभा होता की त्याच्या कोटाला असलेला गुरांचा वास मला येत होता.

"चार महिने," तो म्हणाला. "तेवढ्यात होईल का गं सवय?"

अडतीस वर्षांत मला झाली नव्हती.

"होते," मी म्हटलं.

एकतीस वर्षांत मी कागदावर एकही शब्द खोटा लिहिलेला नाही. तोंडानं बोललेलं त्यात धरत नाहीत.